रात्री जेवणानंतर एक गोळी

माझ्या सबंध नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा जे सफरचंद हातात धरलं ते मातीचं होतं. खडेबाजारातून आणलेलं, वर लाल रंग, देठाजवळ हिरवा ठिपका. त्याच्या जोडीला मातीची केळी, मातीचा टोमॅटो आणि अंडं म्हणून एक पांढरा गोटा. ही सगळी मांडामांड टेबलावर करायची आणि नर्सिंगच्या मुलींना सांगायचं, पाहा, हा समतोल आहार. मुली माना डोलवायच्या, वहीत उतरवून घ्यायच्या आणि घंटा झाली की हॉस्टेलच्या मेसमध्ये जाऊन भात आणि सार जेवायच्या. त्या सारात डाळ असायची म्हणे. मी कधी पाहिली नाही, पण मेसवाला शपथेवर सांगायचा.

मी बेळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात पोषण आणि सामाजिक आरोग्य शिकवत होते. म्हणजे माणसानं काय खावं हा एक विषय आणि ते तो का खात नाही हा दुसरा. पहिला सगळ्यांना आवडायचा, कारण त्यात तक्ते होते. दुसरा पुस्तकाच्या शेवटी होता, आणि शेवटचा धडा परीक्षेला येत नाही हे शहाणपण मुली पहिल्याच वर्षी सीनियर मुलींकडून घेऊन यायच्या. पुस्तक इंग्रजी, सरकारी तक्ते कन्नड, ज्या गावात शिकवायला जायचं ते गाव मराठी, आणि तक्त्यावरच्या बाईच्या ताटात द्राक्षं, चीज आणि कसलातरी परदेशी मासा. तो मासा नेमका कोणता, हे एवढ्या वर्षांत मलाही कळलं नाही. एका मुलीनं विचारलं तेव्हा मी ‘बांगडा’ म्हणून वेळ मारून नेली.

आमच्या परीक्षेची गंमत बाहेरच्यांना माहीत नसते, म्हणून सांगते. त्यात एक प्रात्यक्षिक असतं. मुलीला एक रोग देतात आणि त्या रोग्याला चालेल असा स्वयंपाक तिनं करून दाखवायचा. बाहेरून आलेल्या परीक्षक तो चाखतात आणि मार्क देतात. एका मुलीला रक्तदाबाचा पेशंट आला. तिनं बिचारीनं पुस्तकाबरहुकूम बिनमिठाची आमटी केली. परीक्षक बाईंनी चमचाभर तोंडात घातली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “मीठ अगदीच कमी पडलंय गं,” आणि मार्क कापले. शेजारच्या मुलीनं मधुमेह्यासाठी म्हणून केलेली खीर त्यांनी दोनदा मागून घेतली. ती मुलगी वर्गात पहिली आली. मी टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार?

आता निवृत्त होऊन टिळकवाडीत बसलेय. शेजारणी येतात, “म्याडम, वजन उतरायला काय खाऊ?” म्हणून विचारतात. मी म्हणते, “कमी.” त्यांना ते पटत नाही. त्यांना कुठल्यातरी लांबच्या देशातल्या बिया हव्या असतात, पाण्यात भिजवून बुळबुळीत झालेल्या. मग त्या दुसऱ्या कुणालातरी विचारतात आणि बिया घेऊन येतात. मला काय, मी पेन्शनवाली.

तर खरं शिक्षण वर्गात नव्हतं, ते निपाणीकडच्या खेड्यांत होतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना तिकडे काही आठवडे नेऊन ठेवायचं, आणि प्रत्येकीला एकेक घर द्यायचं. त्या घराला आम्ही ‘केस’ म्हणायचो. घरातल्या माणसांची तब्येत बघायची, काय बिघडलंय ते ओळखायचं, सल्ला द्यायचा आणि सल्ल्यानं काय फरक पडला ते लिहायचं. फरक पडला नसला तरी लिहायचाच, असा एक अलिखित नियम होता. अलीकडे त्यात मोबाईलची भर पडली होती. घरी गेल्याचा पुरावा म्हणून घरमालकिणीसोबत फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, खाली ठिकाण आणि वेळ आपोआप छापलेली. काही मुली फोटो काढायच्या आणि उंबऱ्यावरूनच परत यायच्या. फोटोत मात्र दोघीही हसत असायच्या.

तिथली माणसं एकेक नमुना. एका विड्या वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत माझ्या मुलींनी तंबाखूच्या दुष्परिणामांवर भाषण ठेवलं. पुढंच एक म्हातारी बसली होती, सगळं भाषण होईपर्यंत बोटानं दातांना मिश्री घासत. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. भाषण संपल्यावर ती उठली, बाजूला जाऊन थुंकून आली आणि म्हणाली, “लई ग्वाड बोलली गं पोरगी. ह्या बायांनी आता तंबाखू सोडायच पायजे.” मी विचारलं, “आणि तुम्ही, आज्जी?” तर म्हणे, “मी कुठं खातोय? मी लावतोय.” मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाली, “ही लावली की भूक लागत न्हाय बाई. वळत बसाय बरं पडतंय.” हे वाक्य आमच्या पुस्तकातल्या त्या शेवटच्या धड्यात असायला हवं होतं. तिथं त्याऐवजी रोगाच्या कारणांचा एक त्रिकोण छापलेला होता.

पण मला सांगायचंय ते रेणुकाच्या केसबद्दल.

रेणुका खानापूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. मार्कांना मध्यम, तोंडाला फटकळ, म्हणून माझी लाडकी. तिला जे घर मिळालं त्याचा बाकीच्या मुलींना हेवा वाटला. गावातलं खातंपितं जैन घर. ऊस, तंबाखू, गोठ्यात म्हशी, दारात ट्रॅक्टर आणि मोटारही. सासरे गावच्या दूध डेअरीचे कारभारी, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. सासूबाई आक्का. त्यांचा मुलगा भरत, आणि भरतची बायको अर्चना. अर्चनाला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, ते पोर सध्या आजोळीच; आता दुसरं सासरी, आक्कांच्या देखरेखीखाली. घरात तुपाचा डबा उघडा, शेंगांची पोती रचलेली, आणि अर्चनाच्या अंगात रक्त सात. म्हणजे हिमोग्लोबिन; निदान अकरा तरी हवं. सातवर बाई हिंडते फिरते, हसते, पाणी आणते, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. पण बाळंत होताना चार वाट्या रक्त जास्त गेलं तर तालुक्याला पोचेपर्यंत ती हातची जाते. नोकरीच्या सुरुवातीला मी असं एकदा पाहिलंय, आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती. मी रेणुकाला बजावलं, “ही बाई आणि तिचं पोर दोघं धड राहिली पाहिजेत. बाकी तुझी वही रिकामी राहिली तरी चालेल मला.”

रेणुका पहिल्या दिवशी गेली ती तक्ता घेऊनच. रक्त वाढायला बीट खा, गाजर खा, मुळ्याचा पाला मुळ्यासकट खा, रोज एक अंडं उकडून खा. आक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिला चहा दिला, वर लाडू दिला आणि म्हणाल्या, “पोरी, आमच्या घरात जमिनीखालचं कायबी खात न्हाईत. आन् त्या अंड्याचं नाव ह्या उंबऱ्याच्या आत परत घिऊ नगंस.” रेणुका लाल होऊन परत आली.

“म्याडम, त्या ऐकणाऱ्यातल्या न्हाईत. लई कडक हाईत.”

“तू त्यांना काही विचारलंस का?”

“न्हाई. सांगिटलं.”

“मग कडक कोण? जा, उद्या तोंड बंद ठेवून जा आणि विचार.”

पेशंट काय खातो हे शोधायची आमची एक साधी पद्धत आहे. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते क्रमानं विचारायचं. उपदेश करायचा नाही, भुवया वर करायच्या नाहीत. रेणुकानं तसं विचारलं. सकाळी चहा. मग सगळ्यांचं झाल्यावर भाकरी आणि उरलेली भाजी. दुपारीही सगळ्यांचं झाल्यावर भात, आमटी. तिसऱ्या प्रहरी चहा. आणि रात्री?

“काय न्हाय.”

दोन दिवसांनी परत विचारलं. रात्री? काय न्हाय. तिसऱ्या खेपेलाही तेच. रेणुकानं वहीत लिहून आणलं, ‘पेशंट रोज उपवास करते.’ मी कपाळाला हात लावला.

“आणि लोहाच्या गोळ्या? त्या घेते का?”

“तेच तर म्याडम! सगळी पाकिटं तशीच डब्यात पडल्यात. म्या म्हटलं, का गं वैनी, का घेत न्हाईस? तर म्हणती, सिस्टरनी सांगिटलंय रात्री जेवल्यावर एक गोळी घ्यायची. आमी रात्री जेवतच न्हाई.”

मी हसले आणि मग हसू आवरलं. जैनांच्या धार्मिक घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आरोग्यखात्यानं, कॉलेजनं, सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं त्या गावात काय सांगितलं होतं? रात्री जेवणानंतर एक गोळी. भिंतीवर रंगवलं होतं, मुलींकडून गाण्यात बसवून घेतलं होतं, टाळ्यांसकट. अर्चना मोठी आज्ञाधारक सून. तिनं सांगितल्याचा शब्दही इकडचा तिकडे केला नाही. रात्रीचं जेवण नाही, म्हणजे गोळी नाही. गोळी तर गेलीच, पण जेवण? दिवसा जेवायचा नियम असला तर दिवसा दोनदा जेवतात, संध्याकाळी लवकर. मग तिचं संध्याकाळचं जेवण कुठं जात होतं?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रेणुकाबरोबर गेले, उन्हं कलल्यावर. थंडीचे दिवस, दिवस लवकर मावळणारा. आक्का म्हणाल्या, “या की म्याडम, बसा की,” आणि मला चुलीजवळच पाट दिला. आक्का पीठ मळत होत्या, अर्चना भाजी फोडणीला टाकत होती. भाकऱ्या आधी करून ठेवायच्या नाहीत, पुरुषांना ताटात गरम लागते. आणि पुरुष कुठं होते? आप्पा डेअरीवर. दूध घालून झालेलं, माप झालेलं, पण कट्ट्यावर गप्पा रंगलेल्या. भरतही तिथंच. परसातल्या नारळाची सावली लांबत चालली होती आणि आक्का दर थोड्या वेळानं मान वळवून दाराकडे बघत होत्या.

दिवस मावळायला थोडका वेळ असताना मोटारसायकल वाजली. आप्पा आणि भरत आले, पाय धुतले, पाटावर बसले. आणि मग काय ती धावपळ! एक भाकरी ताटात पडली की दुसरी तव्यावर. आप्पा सावकाश जेवणारे, चावून चावून, ते तब्येतीला चांगलंच. जेवता जेवता मला म्हणाले, “म्याडम, आमच्या घरात खाण्यापिण्याची कायबी आबाळ न्हाय बरं का. तुमच्या पोरींना दुसरीकडं पाठवा, जितं गरज हाय तितं.” मग दोघं उठले, मग आक्का दोन घास पटापट जेवल्या. अर्चनाच्या ताटात भाकरी पडायच्या वेळेला बाहेर कौलांवरचं ऊन गेलं होतं. तिनं दाराबाहेर एकदा पाहिलं, तांब्यानं चूळ भरली आणि ताट उचलून ठेवलं. रोजचंच होतं ते.

नियमात खोट नव्हती. मी स्वतः जैन नाही, पण माझं पोट मला सांगतं की रात्री उशिरा हादडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नियम सगळ्यांना सारखा होता, सूर्यही सगळ्यांना सारखाच मावळत होता, फक्त रांग होती. पोटात पोर असलेली बाई त्या रांगेत शेवटची उभी होती.

मी आक्कांना बाजूला घेतलं. माझ्या मनात भाषण तयार होतं, चांगलं धारदार. पण अर्ध्यातच आक्कांनी हात वर केला. “आवं म्याडम, मी काय राक्षीण हाय व्हय? माझ्या ध्यानातच आलं न्हाय. मला वाटायचं तिला भूकच नसती. मलाबी नसायची.” आणि लगेच हाक मारली, “अर्चना, उद्यापासनं तू पयल्यांदा जेवायचंस गं. बापई येऊ देत न्हाईतर न येऊ देत.” गोळीचंही ठरलं. दुपारच्या जेवणानंतर, आणि चहाबरोबर नाही. रेणुकानं त्या घरात चालणाऱ्या पदार्थांचा नवा तक्ता केला. राजगिऱ्याचा पाला, नाचणी, हुलगे, शेंगदाणे-गूळ, वर लिंबू. आक्कांनी तो वाचून दाखवायला लावला आणि म्हणाल्या, “हे समदं आमच्या घरात हायच की. मग आदी ते गाजर कशाला सांगत व्हतीस?”

पुढं सगळं इतकं सुरळीत झालं की मला संशयच यायला हवा होता. अर्चनाच्या डोळ्यांत लाली आली. दर आठवड्याला वजन चढलं. रक्त आठावर, मग नवाच्या पुढं. रेणुका तर हवेत. तिचा वहीतला शेवटचा रकाना, ‘उद्दिष्ट साध्य झाले’, तिनं ठळक अक्षरात लिहून दोनदा अधोरेखित केला. कॉलेजात प्राचार्यांनी कौतुक केलं आणि अर्चनाचा फोटो माहितीपत्रकात छापायचा ठरवला. मातीच्या सफरचंदासह. ते मी हाणून पाडलं.

गावातला मुक्काम संपायच्या आधी मी आणि रेणुका निरोप घ्यायला गेलो, संध्याकाळचीच वेळ. अर्चना जेवून, बाजेवर बसून शेंगा सोलत होती. आक्का चुलीपुढं एकट्या. आप्पा आणि भरत पाटावर, निवांत. आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, उलटायला हात पुढं केला आणि हात तसाच थरथरत राहिला. कपाळावर घाम. थंडीत. “आक्का?” मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण ते त्यांना कळेना.

रेणुका माझ्या आधी धावली. साखर उतरली हे तिनं बघताच ओळखलं. कोनाड्यातून गूळ घेतला, पाण्यात कालवला आणि आक्कांचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजला. आप्पा ताटावरून उठले, “काय झालं, काय झालं” करत हात वाळवत उभे राहिले. थोड्या वेळानं आक्कांना तरतरी आली. पदर सारखा करून त्या पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? “भाकरी करपली का गं?”

आक्कांना मधुमेह होता, हे त्यांनी आम्हांला एकदाही सांगितलं नव्हतं. विचारलंच कुणी नव्हतं, केस अर्चना होती. निपाणीच्या डॉक्टरांनी संध्याकाळच्या जेवणाआधी घ्यायची गोळी दिली होती, ती त्या नेमानं घेत होत्या. आधी शेवटचे दोन घास तरी पोटात जायचे. आता पहिली भाकरी अर्चनाला, मग पुरुषांची वाट, मग पुरुष. सुनेच्या मदतीशिवाय हे उरकेपर्यंत दिवस मावळून जायचा. पोटात गोळी आणि वर काही नाही, असं किती संध्याकाळी चाललं होतं देव जाणे.

“तुम्ही शेवटी का राहिलात? अर्चनाबरोबरच का नाही जेवलात?” मी जरा रागानंच विचारलं.

“असं कसं म्याडम,” आक्का म्हणाल्या. “समद्या बायकांनी आदी जिऊन घेतलं तर बापयांना वाढायचं कुणी? कुणीतरी मागं ऱ्हायाच पायजे की.”

आम्ही एका बाईला रांगेतून उचलून पुढं ठेवली होती आणि त्या जागेवर दुसरी उभी केली होती. आणि वर ‘उद्दिष्ट साध्य झाले’.

बाहेर अंगणात आल्यावर रेणुका रडवेली होऊन म्हणाली, “म्याडम, आता आक्कांना नवी केस म्हणून घेऊ?”

“नको,” मी म्हटलं. “आप्पांना घे.”

एवढ्या वर्षांत गरोदर बाईच्या आहारावरची आमची सगळी भाषणं बायकांपुढं झाली होती. दुपारी, देवळात, सतरंजीवर. पुरुष त्या वेळी लांबून बघत जायचे, बायकांची शाळा भरल्यासारखं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरळ डेअरीच्या कट्ट्यावर गेलो. कॅन, बादल्या, विडीचा धूर, आणि मध्ये आप्पा. रेणुकानं तक्ता उघडला. कट्ट्यावर खसखस पिकली.

“ए पोरी, बायकांचं बायकांत सांग की,” आप्पा म्हणाले. हसूनच, पण आवाजात धार होती.

रेणुकानं तक्ता मिटला. “बरं, म्हशीचं सांगतो. आप्पा, धार काढायच्या आदी म्हशीला पेंड घालताय का न्हाई?”

“घालतोच की. त्याबिगर पान्हा सोडंल व्हय?”

“आन् रोज उशीर झाला तर?”

“लाथ मारंल,” कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

“आक्का मारत न्हाईत,” रेणुका म्हणाली. “एवढाच फरक हाय बघा.”

हसणं एकदम थांबलं. मला वाटलं, आता हिला आणि मला गावाबाहेर काढतात. मीच तिला फटकळ म्हणून लाडावून ठेवली होती. रेणुकानं मग आवाज खाली आणून, कालची हकीकत, रांग, मावळणारा दिवस, अर्चनाचं रक्त, आक्कांची गोळी सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, कुणाला दोष न देता. आप्पा खाली बघत ऐकत होते. मग उठले, चपला घातल्या, भरतला म्हणाले, “चल रं,” आणि मोटारसायकलला किक मारली. ऊन अजून चांगलं लख्ख होतं. आम्ही मागोमाग चालत गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा घरात गोंधळ उडालेला. पुरुष एवढ्या लवकर आलेले बघून आक्कांना वाटलं कुणाचं काहीतरी बरंवाईट झालं. पीठ नुकतंच मळलेलं, भाजी चुलीवर. आप्पा पाटावर बसले आणि म्हणाले, “सगळीजणं संगंच जेवूया. अर्चना, तूबी बस. आता रोज ह्याच वक्ताला येत जाईन.” माझ्याकडे वळून हसत हसत म्हणाले, “आवं म्याडम, एवढंच व्हतं व्हय! मला कुणी सांगिटलंच न्हाय कधी. सांगिटलं असतं तर आलो नसतो व्हय लवकर? त्यात काय हाय?”

खरंच काही नव्हतं त्यात. अर्धा तास गप्पा कमी. मी पण हसले. रेणुका तर आनंदानं टाळ्याच वाजवायच्या बेतात होती.

आक्का हसल्या नाहीत. त्यांचे हात पिठात होते. परातीतल्या गोळ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “भरतच्या आदी एक पोरगी झालती मला.”

आप्पांचं हसू तोंडावरच राहिलं.

“एवढीशी. मुठीएवढी. रडायचंबी बळ नव्हतं तिच्यात. दाई म्हणाली, आईच्याच अंगात काय न्हाय तर पोरीच्या कुठनं येणार. तवाबी तुमी डेअरीवरनं दिस बुडतानाच येत व्हता. मीबी मागंच जेवत व्हतो, जेवू दिलं दिसानं तर.” त्यांनी भाकरी थापायला घेतली. “मला तरी कुठं कुणी सांगिटलं व्हतं, हे सांगायचं असतंय म्हणून.”

तव्यावरची भाकरी फुगली. आक्कांनी ती उचलली, आप्पांच्या ताटावरून हात पुढं नेऊन अर्चनाच्या ताटात वाढली आणि वर तुपाची धार सोडली.

“जेव गं,” त्या म्हणाल्या. “दिस हाय अजून.”